उसन्या कारागिरांवर हुकूम कसा चालेल?

आपल्या कापड धंद्याची रीत पाहा. माल आपला, नाव आपले, नुकसानही आपलेच. पण माल तयार करणारा एकही माणूस आपल्या पगारावर नसतो. साइझिंग एकाकडे, विणाई मालेगाव-भिवंडीच्या कारखान्यात, रंगाई तिसरीकडे. मोठ्या कंपन्यांतल्या ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ची गतही हीच. एका वस्तूची सारी जबाबदारी त्याची, पण माणसे दुसऱ्या खात्यांतून उसनी आणलेली. त्यांची पगारवाढ दुसऱ्याच साहेबाच्या हाती. जपानच्या टोयोटा कंपनीची ‘क्राउन’ मोटार 1955 साली बाजारात आली. तिचे मुख्य इंजिनियर केन्या नाकामुरा यांच्यापासून तेथे हीच पद्धत रुजली: संपूर्ण गाडीला जबाबदार एक माणूस, पण बाकीचे इंजिनियर आपापल्या खात्याच्या साहेबाखाली. मग अशा माणसाचे कोणी का ऐकावे?

याचे उत्तर मला तरुणपणी एका कारागिराने दिले. ओळखीच्या कारखानदाराचे सहा माग मी नव्या मालासाठी घेतले होते. त्या मागांवर नेहमी 48 पिकांचे कापड निघे, मला 60 पिकांचे हवे होते. मी रोज जाऊन हुकूम सोडी. कारागीर मान डोलावत, आणि माल उतरे 52 चा, 54 चा. मी संतापलो, तेव्हा एक वयस्कर कारागीर शांतपणे म्हणाला, “सेठ, आधी हिशेब तर करा.”

हिशेब साधा होता. मिनिटाला 120 पिक टाकणारा माग 12 तास न थांबता चालला, तर 48 पिकांचे कापड सुमारे 46 मीटर निघते आणि 60 पिकांचे सुमारे 37 मीटर. कारागिराची मजुरी मीटरवर. म्हणजे माझ्या हुकमाने त्याच्या कमाईचा पाचवा हिस्सा जात होता! मी कारखानदाराला जादा दर दिला होता, पण तो कारागिरापर्यंत पोचतो की नाही, हे कधी विचारलेच नव्हते.

मग मालक, मुकादम आणि कारागीर यांना एकत्र बसवले. मजुरी पिकांच्या हिशेबाने ठरली. नमुन्याचा तुकडा प्रत्येक मागावर बांधला. सूचना मुकादमामार्फतच द्यायची, असा नियम मी स्वतःला घातला. पुढे एकदा सूत कच्चे निघून धागे तुटू लागले, तेव्हा “दोष माझ्या सुताचा आहे” असे मी मालकासमोर सांगितले. त्या दिवसापासून ते कारागीर माझे ऐकू लागले.

तेव्हा बंधूंनो, दुसऱ्याच्या माणसांकडून काम घ्यायचे तर आवाज चढवून भागत नाही. त्यांच्या मालकाशी आधी स्पष्ट बोला, मुकादमाचा मान राखा, हवा तो माल नमुन्याने दाखवा, आणि आपल्या चुकीचा बोजा त्यांच्या माथी मारू नका. सर्वांत आधी एवढे पाहा, की आपल्या हुकमाने त्याच्या घरी जाणारे पैसे घटत तर नाहीत ना?