विश्लेषण : रडारला ‘माहीत नाही’ म्हणू द्या!

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे भारतीय हवाईदलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. त्यातील सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडला. ही आपली मोठी चूक असल्याचे हवाईदलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्य केले. आकाशात काहीतरी आहे हे कळणे आणि ते काय आहे हे ओळखणे, यांतले अंतर असे जीवघेणे ठरते.

ओळख पटते कशी?

नेहमीची पद्धत प्रश्नोत्तराची. जमिनीवरून सांकेतिक संदेश जातो, विमानातील ट्रान्सपाँडर उत्तर देतो. उत्तर आले नाही, तर विमानावर आदळून विखुरलेल्या रडारलहरींवरून अंदाज बांधावा लागतो. हेलिकॉप्टरचे पाते रडारकडे येताना लहरींची वारंवारता किंचित वाढवते, दूर जाताना घटवते. जेट इंजिनाच्या पंख्याची पातीही असाच ठसा उमटवतात. पात्यांची संख्या आणि वेग यांवरून विमानाचा प्रकार ताडता येतो.

अडचण कुठे?

विमान थोडे वळले की ठसा बदलतो. बाजूने पाहिल्यास इंजिनाची पाती दिसतच नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेला न शिकवलेला नमुना समोर आला, तर ती त्याला जवळचे नाव चिकटवून मोकळी होऊ शकते. शिवाय ठशावरून प्रकार कळतो, मालक नाही. एमआय-१७ पाकिस्तानकडेही आहे.

मग करायचे काय?

यंत्रणेत ‘ओळख पटली नाही’ हे तिसरे उत्तर हवे आणि त्याचा अर्थ ‘शत्रू’ असा लावला जाऊ नये. हल्ल्याच्या वेळी विचाराला सेकंदच मिळतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच नियम आधी ठरवून त्यांचा सराव करून घ्यायला हवा. ३ जुलै १९८८ रोजी ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. २९० जणांचा जीव गेला. विमान वर चढत असल्याची नौकेच्या यंत्रणेतील नोंद बरोबर होती. नौकेवरील माणसांना मात्र ते खाली झेपावणारे लढाऊ विमान वाटले.

अधिक तीक्ष्ण रडार हवेच. पण त्याच्या पडद्यासमोर बसलेल्याला शंका घेण्याची मुभा नसेल, तर महागडे रडारही तीच चूक अधिक वेगाने करील.