‘हातभार’ आणि ‘महत्त्वाकांक्षा’



व्यवसाय उभारण्याची महत्त्वाकांक्षा स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कमी असते, असे विधान आपण अनेकदा ऐकतो. सहाव्या आर्थिक गणनेत देशातील सुमारे १४ टक्के आस्थापनाच स्त्रियांच्या मालकीच्या आढळल्या, हा दाखलाही त्यासाठी दिला जातो. आकडा खरा आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. आकडा मालकी मोजतो, आकांक्षा नव्हे.

प्रथम भाषेची साक्ष पाहू. ‘कोळीण’, ‘भाजीवाली’, ‘मोलकरीण’ हे शब्द स्त्रीच्या स्वतःच्या कामाचा निर्देश करतात. ‘पाटलीण’, ‘सावकारीण’ हे शब्द मात्र परंपरेने पाटलाची किंवा सावकाराची पत्नी, असाच अर्थ देतात. श्रमाचे नाव तिचे, सत्तेचे व भांडवलाचे नाव पतीचे, अशी ही विभागणी आहे. ‘महत्त्वाकांक्षी’ हे विशेषण पुरुषाला लावले की गौरव होतो, स्त्रीला लावले की त्यात ठपका डोकावतो. तिच्या कमाईवर घर चालत असले, तरी आपण तिला ‘हातभार’च म्हणतो.

शब्दांनी अर्थव्यवस्था घडत नाही, असा आक्षेप यावर घेता येईल. तो रास्त आहे. भाषा येथे साक्षीदार आहे. मूळ कारण मालमत्तेत आहे. एकत्र हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. तरीही माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपल्या परिचयात असतील. पुढे व्यवसायासाठी कर्ज मागताना तारण विचारले जाते, तेव्हा तिच्याजवळ दाखवण्यासारखे काय उरते?

साधने मिळाली की चित्र पालटते. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. म्हसवडच्या स्त्रियांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर असल्याने त्यांचा अर्ज प्रथम फेटाळला गेला. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. या चिकाटीला महत्त्वाकांक्षा म्हणायचे नसेल, तर कशाला म्हणायचे?

दोन उदाहरणांनी सर्व स्त्री-पुरुषांविषयीचा सिद्धांत ठरत नाही, हे खरे. तथापि जमीन, तारण आणि दिवसातील मोकळा वेळ यांची वाटणी विषम असताना मनातील आकांक्षेची तुलना करणे, हे शर्यतीच्या निम्म्या वाटेवर उभ्या केलेल्या धावपटूचे कौतुक करण्यासारखे आहे.

पुढील आठवडाभर आपल्या घरातील बोलणे लक्षपूर्वक ऐका. कोणाच्या कामाला ‘व्यवसाय’ म्हटले जाते आणि कोणाच्या कामाला ‘हातभार’, याची नोंद करा. त्यानंतर आपले मत बनवा.