कापूस क्विंटलने विकायचा, दोरा ग्रॅमने घ्यायचा

बाजारपेठेत दुकानांची एक अलिखित उतरंड आहे. सराफी, कापड, आडत, किराणा यांना मान मिळतो. लोकर, दोरा, बटणे आणि लेस विकणारे दुकान मात्र "बायकांचे दुकान" म्हणून कोणी हिशेबात धरीत नाही. त्या गल्ल्यावर बसणारे आपले काही बांधवही या धंद्याकडे नाइलाजाची रोजी म्हणून पाहतात. आमच्या मते ही समजूत तिजारतीच्या दृष्टीने चुकीची आहे आणि परभणीसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याला तर ती महागात पडते.

आमच्या नात्यातील एका मुलीला मध्यंतरी विसावे वर्ष लागले. वाढदिवसाला काय हवे असे घरच्यांनी विचारले. नवा ड्रेस किंवा हॉटेलातील जेवण मागेल असे सर्वांना वाटले होते. तिने सांगितले, "मला परभणीला त्या सुताच्या दुकानात न्या आणि घाई करू नका." जिंतूरहून एस.टी.ने सारे परभणीला आले. आम्हीही सोबत होतो. अर्धवट विणलेला रुमाल तिने काउंटरवर पसरला आणि एकेक गुंडी त्याला लावून पाहू लागली. दुकानदार वयस्कर होते. त्यांनी स्टूल पुढे केले. तिने एक रंग निवडला तेव्हा ते म्हणाले, "बेटी, रंग तोच दिसतो, पण लॉट वेगळा आहे. धुतल्यावर पट्टा उमटेल. तीन गुंड्या एकाच लॉटच्या घे, उरली तर परत आण." तिने तीन घेतल्या, शिवाय एक क्रोशाची सुई आणि भरतकामाच्या काही लडी. हॉटेलच्या बिलाहून कमी पैशात सारे आटोपले. त्या दोऱ्यातून ती टोप्या आणि रुमाल करील, त्यातले काही विकील आणि महिन्याभरात पुन्हा त्याच दुकानी जाईल.

त्याच बाजारातील दुसऱ्या एका दुकानात, "घ्यायचे असेल तर बोला, माल विस्कटू नका," हे शब्दही आम्ही ऐकले आहेत. दोन्ही दुकानांत माल जवळपास सारखाच होता.

गिऱ्हाईक की कारागीर?

या दोन दुकानदारांत फरक एवढाच की पहिल्याला समोरची मुलगी कोण आहे हे कळले होते. दोरा घेणारी बाई त्या दोऱ्यातून माल तयार करणारी आहे. सुताराला लाकडाची वखार जशी, तसे तिला हे दुकान. वखारीत सुतार आला की त्याला खुर्ची मिळते, चहा मिळतो, फळी उलटसुलट करून पाहू दिली जाते, कारण वर्षभर तोच माल उचलणार हे वखारवाल्याला माहीत असते. क्रोशाकाम करणारी बाई वर्षभर थोडा थोडा माल उचलते, सोबत सुया, अस्तर, बटणे घेते आणि मोहल्ल्यातील आणखी चार मुलींना विणायला शिकवते. त्या चौघी उद्याच्या गिऱ्हाईक. तरीही तिला उभ्या उभ्या वाटेला लावले जाते.

आज मोबाइलवर बोट टेकवले की लुधियानाची लोकर घरपोच येते. त्याबद्दल पुष्कळ दुकानदार आमच्याकडे तक्रार करतात. मोबाइलच्या पडद्यावर रंग खरा दिसत नाही, धागा बोटांत धरून पाहता येत नाही आणि अर्धवट कामाशी जुळवूनही पाहता येत नाही. या तिन्ही गोष्टी फक्त दुकानात होतात. पण दुकानदार हात लावू देत नसेल, तर हे तिन्ही फायदे त्याने स्वतःच गमावले.

दुकानदाराने काय करावे?

पहिली गोष्ट लॉटची. रंगणीची प्रत्येक खेप थोडी वेगळी उतरते, म्हणून चांगल्या कंपन्या लेबलावर रंगाच्या क्रमांकासोबत लॉटचा क्रमांक छापतात. माल लावताना लॉट वेगवेगळे ठेवावेत. गरीब घरची बाई सहा गुंड्यांचे पैसे एकदम देऊ शकत नाही. तिच्या नावाची चिठ्ठी लावून उरलेल्या गुंड्या पंधरा दिवस बाजूला ठेवल्या तर दुकानदाराचे भांडवल फारसे अडकत नाही आणि तिचे काम वाया जात नाही.

दुसरी गोष्ट, माल काय आहे ते खरे सांगणे. आपल्या बाजारात जिला सरसकट लोकर म्हणतात ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक, म्हणजे कारखान्यात बनलेला धागा असतो. तो विकण्यात गैर काही नाही. तो स्वस्त आहे, धुवायला सोपा आहे. पण त्याला मेंढीची लोकर म्हणून विकू नये. पारख सोपी आहे. धाग्याचे टोक जाळून पाहावे. मेंढीची लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरते. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख सोडते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची कडक गोळी होते. परभणीचा हिवाळ्यातील गारठा मराठवाड्यात प्रसिद्ध आहे, त्यामुळे स्वेटर-कानटोपीची लोकर खपतेच. पण वर्षातील बाकीचे महिने उकाड्याचे. टोपी, झबले, टोपडे यांना सूतच बरे, हे दुकानदाराने आपणहून सांगावे. लाल, काळा असे गडद रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून दाखवावेत. पांढऱ्या टोपीवर लाल नक्षी उतरली की बदनामी विणणारीची होते, दोरा विकणाऱ्याची नव्हे.

तिसरी गोष्ट नंबरची. सुताचा नंबर म्हणजे काय, हे विकणाऱ्यांपैकी किती जण सांगू शकतील? ८४० वारांची एक लड धरतात. एका पौंडात अशा वीस लडी बसल्या तर ते २० नंबरचे सूत, चाळीस बसल्या तर ४० नंबरचे. नंबर वाढला की सूत बारीक. भरतकामाची नेहमीची लड ८ मीटरची असते आणि तिच्यात सहा पदर असतात. बारीक कामाला त्यातले एक-दोन पदरच घ्यायचे असतात. एवढे सांगितले तरी नवशिकी मुलगी आपली म्हणून टिकते.

चौथी गोष्ट वजन आणि किंमत. सुटा माल तोलणाऱ्या काट्यावर वजनमाप खात्याचा चालू शिक्का असावा. मापात कमी देणाऱ्याबद्दल आपल्याकडे काय सांगितले आहे, ते या पानाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मानवनिर्मित धाग्यावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सुती धाग्यावर तो आधीपासून ५ टक्केच होता. म्हणजे ॲक्रिलिकच्या गुंडीवरील कराचा बोजा कमी झाला आहे. त्याचा फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला का, हे प्रत्येकाने आपल्या भावाच्या पाटीवर पाहावे.

कापूस इथला, दोरा बाहेरचा

आता जिल्ह्याचा प्रश्न. मानवत, सेलू ही कापसाच्या व्यापाराची जुनी नावे. निजाम राजवटीत नांदेड-परभणी पट्ट्यातील गावरानी कापूस त्याच्या धाग्यासाठी नावाजलेला होता. १९१८ मध्ये परभणीला शेतीच्या प्रयोगांचे क्षेत्र सुरू झाले. १९७२ मध्ये इथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे. येथील महेबूब बाग कापूस संशोधन केंद्राने देशी कापसाचा लांब धाग्याचा पीए-२५५ हा वाण दिला. त्याचे नाव "परभणी तुराब". फेब्रुवारीत ज्यांचा उरूस भरतो त्या तुराबुल हक यांच्या शहरात हे नाव कोणाला परके वाटणार नाही. पुढे २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि शेतातून देशी वाण मागे पडले.

इतका कापूस, इतके संशोधन, आणि आपल्या दुकानातील दोरा मात्र लुधियाना किंवा दक्षिणेकडील गिरण्यांतून येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला, म्हणजे किलोला ८१ रुपये. त्या किलोभर कापसात सुमारे तिसरा हिस्सा रुई, बाकीची सरकी. आता आपल्या दुकानातील पन्नास ग्रॅमच्या सुती गुंडीची किंमत कागदावर याच्या शेजारी लिहून पाहावी. जिनिंग, कताई, पीळ, रंगणी, गुंडी बांधणे, लेबल, वाहतूक या प्रत्येक पायरीवर किंमत चढते आणि यातल्या बहुतेक पायऱ्या जिल्ह्याबाहेर आहेत. आपण कापूस क्विंटलने विकतो आणि दोरा ग्रॅमने विकत घेतो.

सूतगिरणी काढा असे आम्ही म्हणणार नाही. तो कोट्यवधींचा मामला आहे आणि निजामकाळात उभी राहिलेली नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडलेली आपण पाहिली आहे. पण शेजारच्या त्याच नांदेडमध्ये मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तिरंग्याचे झेंडे तयार करते. मराठवाड्यात खादीचे काम जाणणारे हात आहेत. चार दुकानदारांनी मिळून पांढरे सुती सूत लडीच्या स्वरूपात घाऊक आणले, ते इथल्या रंगाऱ्याकडून रंगवून घेतले आणि मोहल्ल्यातल्या बायकांकडून गुंड्या बांधून घेतल्या, तर निदान शेवटच्या दोन पायऱ्या जिल्ह्यात राहतील. याला मोठे भांडवल लागत नाही, चौघांचा एकमेकांवर विश्वास लागतो.

मजुरीचा हिशेब

शेवटची पायरी विणणाऱ्या हातांची. तिथेच सर्वांत जास्त मेहनत जाते आणि तीच सर्वांत कमी मोजली जाते. आंध्रातील नरसापूर क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर स्त्रियांचा अभ्यास करून मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. या बायका दिवसाचे कित्येक तास लेस विणीत, ती लेस परदेशी जात असे, पण व्यापारी त्यांना कामगार मानीत नसत. घरी बसून फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी, अशी त्यांची गणना होती. म्हणून मजुरीही फावल्या वेळेची. त्याच लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कलेला नाव मिळायला एवढी वर्षे लागली. आपल्याकडेही तोच प्रकार आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय धरले आहेत. त्यांत शिंपी आहे, परीट आहे, हार गुंफणारे आहेत. क्रोशाकाम करणारी बाई त्या यादीत वेगळी धरलेली नाही.

सरकारच्या यादीत नाव घालणे आपल्या हातात नाही, आपल्या वहीत घालणे आहे. रमजानच्या आधी जाळीदार टोप्यांचे काम घरोघर देणाऱ्या व्यापाऱ्यांनी एक साधी वही ठेवावी. किती ग्रॅम दोरा दिला, किती नग आले, नगाचा दर काय आणि पैसे कोणत्या तारखेला दिले, एवढे चार रकाने पुरेत. दर ठरविताना एक टोपी करायला किती तास लागले ते बाईलाच विचारावे. दोरा उधार देऊन, "आधी जुने फेड, मग मजुरी," असे म्हणत तिला वर्षानुवर्षे बांधून ठेवणे म्हणजे तिजारत नव्हे. कारागीर भगिनींनीही विकताना दोऱ्याची किंमत आणि तासांची मजुरी वेगवेगळी सांगावी. "दोरा चाळीसचा, टोपी साठला कशी?" असे विचारणाऱ्याला वीस रुपये दोन दिवसांच्या मेहनतीचे आहेत हे कळले, तर तो स्वतःच गप्प बसेल.

परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा येथील लोकर-दोऱ्याच्या दुकानदारांना आमची एवढीच विनंती आहे. येत्या हंगामाआधी दुकानात एक स्टूल ठेवा, लॉटची वही ठेवा आणि एका फळीवर आपल्याच गिऱ्हाईक भगिनींनी केलेला माल भावासकट मांडा. तो विकला गेला तर तुमचा दोरा दोनदा विकला जाईल, आधी गुंडी म्हणून आणि मग टोपीतून. कापूस जिल्ह्याबाहेर जातो तो आपल्याला थांबवता येणार नाही. दोऱ्यावर चढणारी मेहनत जिल्ह्यात टिकून तिला दाम मिळतो की नाही, हे मात्र आपल्याच गल्ल्यावर ठरते.