प्रभावांक आणि प्रभाव

संशोधनाचा प्रभाव मोजता येतो का, हा प्रश्न विज्ञानाच्या प्रयोगशाळांचा आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही, असा समज आपल्याकडे बराच काळ होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने तो मोडून काढला. प्राध्यापकाच्या नेमणुकीसाठी आणि पदोन्नतीसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजले जाऊ लागले. परीक्षित नियतकालिकातील लेखाला १५ गुण ठरले. त्या नियतकालिकाचा प्रभावांक, म्हणजे प्राध्यापकांच्या खोलीत ज्याला सर्रास ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हटले जाते तो, १ ते २ असेल तर आणखी १०, २ ते ५ असेल तर १५ आणि ५ ते १० असेल तर २५ गुण वाढवून देण्याची तरतूद झाली. २०१८ च्या नियमावलीत आकडे बदलले, पण ही शिडी कायम राहिली.

ही शिडी कोठून आली, कोणत्या घरासाठी बनवली होती आणि मराठीच्या ओसरीला ती का लागत नाही, हे नीट पाहायला हवे. नुसता संताप व्यक्त करून भागणार नाही.

प्रभावांकाचे गणित अगदी साधे आहे. समजा, मेंदूविज्ञानाच्या एका नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून २०० लेख छापले. २०२४ मध्ये जगभरच्या नोंदणीकृत नियतकालिकांतून त्या लेखांचा संदर्भ ५०० वेळा घेतला गेला. ५०० भागिले २००, म्हणजे २०२४ चा प्रभावांक २.५. यूजीन गारफील्ड यांनी संदर्भसूचीची कल्पना १९५५ मध्ये मांडली. प्रभावांकाचा आरंभीचा उपयोग बेताचाच होता: सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत आणि ग्रंथालयाने मर्यादित पैशांत कोणती मागवावीत, हे ठरवायला त्याची मदत होई. नियतकालिक मागवायचे की नाही यासाठी बनवलेले माप पुढे माणूस नेमायचा की नाही यासाठी वापरले जाऊ लागले, आणि गोंधळाची सुरुवात तेथे झाली.

मेंदूविज्ञानाचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. हे माप जेथे सर्वांत चपखल बसावे असे ते क्षेत्र आहे. तेथे संशोधन समूहाने होते, निष्कर्ष लवकर छापले जातात, एकेका लेखात पन्नास-साठ संदर्भ असतात आणि जवळजवळ सारा व्यवहार इंग्रजीत चालतो. दोन वर्षांच्या खिडकीतून तेथे पुष्कळ काही दिसते. तरीही तेथील जाणकार या मापाविषयी समाधानी नाहीत. ‘नेचर’ या नियतकालिकाने २००५ मध्ये स्वतःचाच हिशेब मांडून दाखवला होता. त्यांच्या आदल्या वर्षीच्या प्रभावांकाला कारण ठरलेल्या संदर्भांपैकी ८९ टक्के संदर्भ अवघ्या २५ टक्के लेखांना मिळाले होते. उरलेले तीन चतुर्थांश लेख शेजाऱ्यांच्या पुण्याईवर मोठे दिसत होते. नियतकालिकाची सरासरी एखाद्या लेखाच्या कपाळावर चिकटवणे म्हणजे वर्गाचा सरासरी निकाल प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर छापण्यासारखे आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. भारतीय मज्जाशास्त्र संस्थेचे ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ हे नियतकालिक १९५३ पासून निघते. मुंबईतील मेडनो या प्रकाशनसंस्थेने ज्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकांना महाजालावर सर्वांसाठी खुले केले, त्यांत तेही होते. मेंदूतील क्षयरोग, फीतकृमीच्या अळीमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी, त्यातून येणारे फेफरे असे आपल्याकडचे आजार अशा नियतकालिकातून चर्चिले जातात. जिल्ह्याच्या गावी बसलेला एखादा डॉक्टर तो लेख वाचतो आणि दुसऱ्या दिवशी समोर आलेल्या रुग्णाचे निदान अधिक अचूक करतो. हा प्रभाव नव्हे काय? पण तो डॉक्टर शोधनिबंध लिहीत नाही. त्यामुळे त्याचे वाचन कोणत्याही सूचीत नोंदले जात नाही. संदर्भसंख्या मोजते ती लिहिणाऱ्यांचे वाचन. वाचून कृती करणाऱ्यांचे वाचन तिच्या हिशेबातच नाही. वैद्यकाच्या बाबतीत जर असे, तर भाषा आणि साहित्याच्या बाबतीत काय होत असेल! ‘भाषा आणि जीवन’मधला एखादा लेख वाचून ज्या शिक्षकाने बोलीकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि वर्गात ‘अशुद्ध’ हा शब्द वापरणे सोडले, त्याची नोंद कोणता प्रभावांक घेणार?

मेंदूविज्ञानाच्या इतिहासातच याचे एक विलक्षण उदाहरण आहे. सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने मे १८८८ मध्ये स्वतःच्या खिशातून पैसे घालून एक नियतकालिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती छापल्या साठ. भाषा स्पॅनिश, म्हणजे त्या काळच्या युरोपीय विज्ञानात जवळजवळ कोणी न वाचणारी. मज्जापेशी ही स्वतंत्र, सुटी पेशी असते, या आधुनिक मेंदूविज्ञानाच्या पायाभूत सिद्धान्ताचा पुरावा त्या पानांत होता. प्रती परदेशी धाडूनही प्रतिसाद आला नाही. अखेर १८८९ मध्ये काहाल आपले नमुने घेऊन बर्लिनच्या शास्त्रीय परिषदेला गेले आणि कॉलिकर या ज्येष्ठ स्विस शास्त्रज्ञाला त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. कॉलिकर इतके प्रभावित झाले की काहाल यांचे लेखन वाचण्यासाठी ते स्पॅनिश शिकले. १९०६ मध्ये काहाल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या नियमाने पाहिले तर त्या साठ प्रतींच्या नियतकालिकाचा प्रभावांक काय भरला असता? शून्याच्या आसपास. कॉलिकर यांनी आकडा पाहिला नाही, नमुना पाहिला. संशोधनाचे मूल्यमापन याहून वेगळे काही असू शकत नाही, असे मला वाटते.

आता आपल्याकडे येऊ. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके. एक घोड नदीकाठचा, दुसरा भीमाकाठचा. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे दौंडचे रेल्वे जंक्शन, आणि आजूबाजूला उसाचे शिवार. येथे मराठी शिकवणाऱ्याला संशोधनासाठी विषय शोधत फिरावे लागत नाही. गळिताच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादम, उचल, कोयता, मोळी, वाढे या शब्दांभोवती एक अख्खे भाषिक विश्व त्यांच्याबरोबर उतरते. जंक्शनच्या गावात अनेक प्रांतांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहून कोणती मराठी बोलू लागली, हाही अभ्यासाचा विषय आहे. समजा, एखाद्या अध्यापकाने यावर पाच वर्षे खपून मराठीत निबंध लिहिला आणि तो मराठी नियतकालिकात छापला. प्रभावांकाच्या शिडीवर तो कोणत्या पायरीवर असेल? पहिल्याही नाही. २०१८ च्या नियमावलीने ज्या यादीतला प्रभावांक प्रमाण मानला, त्या यादीत केवळ कला आणि मानव्यविद्यांच्या निर्देशसूचीत असलेल्या नियतकालिकांना २०२३ पर्यंत प्रभावांक दिलाच जात नव्हता. म्हणजे शिडी भिंतीला लावली होती खरी, पण मराठीच काय, इंग्रजीतल्या बहुतांश साहित्यसमीक्षेलाही तिच्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

कालावधीचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे, आणि त्यात शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या बायकांचाही आवाज आहे. पॉइटेव्हिन २००४ मध्ये निवर्तले. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावरून या ओव्या ध्वनिमुद्रण, संहिता आणि अनुवादासह क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकांपलीकडच्या वाचकांपर्यंत पोहोचल्या. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ चे, अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला २०११ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, आजही त्या काळावर लिहिणाऱ्याला त्या खंडांपाशी थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही. मानव्यविद्यांतील चांगल्या कामाची मुळे अशी हळूहळू खोल जातात. दोन वर्षांच्या खिडकीतून यांतले काहीही दिसले नसते.

याचा अर्थ मोजमापच नको, असा कोणी घेऊ नये. आयोगाला ही शिडी का लावावी लागली, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. गुणांची गरज निर्माण झाल्याबरोबर पैसे भरा आणि आठवड्यात लेख छापून घ्या, अशी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतही ती शिरली. विद्यापीठांच्या शिफारशींवरून त्या यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ तपासली असता ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली, असे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे ‘केअर’ यादी आली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षातून चाले आणि २०१९ पासून ती लागू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांकडे सोपवली.

माझ्या मते ही घटना फार महत्त्वाची आहे आणि मराठीच्या अध्यापकांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. यादी गेली, पारख करणे आपल्याकडे आले. आता दोनच वाटा आहेत. पहिली सोपी आहे. महाविद्यालयाची समिती म्हणेल, आम्हाला वाद नको, ज्याचा आकडा आहे तेच खरे. तसे झाले तर मराठीचा अध्यापक मराठी साहित्यावर मोडक्या इंग्रजीत, न वाचल्या जाणाऱ्या जागी, केवळ पदोन्नतीपुरते लिहील. मराठीतील संशोधनपर गद्य घडवण्याचे जे काम ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘परामर्श’, ‘अनुष्टुभ’ यांसारख्या नियतकालिकांनी तुटपुंज्या साधनांवर केले, त्याला पुढचा लेखकच उरणार नाही. भाषा ज्ञानभाषा व्हावी अशी भाषणे फेब्रुवारीच्या अखेरीस करायची आणि त्या भाषेत ज्ञान लिहिणाऱ्याला मार्चमध्ये शून्य गुण द्यायचे, ही विसंगती मग कायमची होईल.

दुसरी वाट कष्टाची आहे: वाचण्याची. उमेदवाराने दहा लेखांची यादी द्यावीच कशाला? आपल्या मते उत्तम असे दोनच लेख त्याने द्यावेत. समितीतील विषयतज्ज्ञाने ते वाचून त्यांत नवे काय आहे, पुरावा कोणता दिला आहे आणि आधीच्या अभ्यासाशी त्याचे नाते काय, हे अर्ध्या पानात सही करून लिहावे. हे अशक्य नाही. संशोधकाची पारख नियतकालिकाच्या आकड्यावरून करू नये, कामाच्या गुणावरून करावी, असा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जीवशास्त्राच्या वर्तुळातून आला, ही बाब आपण ध्यानात ठेवावी. ज्यांच्यासाठी माप बनले त्यांनीच ते बाजूला ठेवायला सांगितले, आणि आपण ते उसने आणून डोक्यावर घेऊन बसलो आहोत.

वाचनाची मागणी करताना मराठी अभ्यासकांनी आपल्या घरातील एक दोषही दूर करायला हवा. मराठी समीक्षेत पूर्वसूरींचा नेमका संदर्भ देण्याची शिस्त फार सैल आहे. ‘काही समीक्षकांचे मत आहे’ असे लिहून पुढे जाण्याची सवय इतकी रुळली आहे की कोणाचे ऋण कोणावर आहे, हे शोधणाऱ्याच्या हाती धागा लागत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली तेव्हा संगणक नव्हता, अनुदानही नव्हते. होती ती चिकाटी. त्याच परंपरेत मराठी नियतकालिकांतील संशोधनलेखांची आणि त्यांतील संदर्भांची, वीस-पंचवीस वर्षांच्या पल्ल्याची सूची तयार करणे आज कितीतरी सोपे आहे. एकेका मराठी विभागाने एकेक नियतकालिक घेतले, तरी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ते काम उभे राहील. त्यातून गुण निघोत वा न निघोत, मराठीत कोण कोणाला वाचत आले आहे, याचा नकाशा हाती येईल.

आकड्याला माझा आक्षेप नाही. वाचण्याच्या श्रमातून सुटका म्हणून आकडा वापरण्याला आहे. ज्यांचा पेशाच वाचणे आणि वाचायला शिकवणे हा आहे, त्यांनी तरी एकमेकांचे लेखन न वाचता मोजू नये, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.