रूळ गेले, जमीन राहिली

इंग्लंडमधील ब्रिस्टल व बाथ या शहरांना जोडणारा सुमारे २१ किलोमीटरांचा पादचारी व सायकल मार्ग लोकसहभागाचे उत्तम उदाहरण म्हणून गौरविला जातो. हा गौरव यथार्थ आहे. पण तो मार्ग एका पराभवाच्या भूमीवर उभा आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

या मार्गावरील मँगॉट्सफील्ड-बाथ शाखा १८६९ मध्ये सुरू झाली. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली. परंतु मालकी बदलली म्हणून हिशेबाची दृष्टी बदलतेच असे नाही. १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुमारे ५,००० मैलांचे लोहमार्ग व २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली. तिला आधार होता तो प्रामुख्याने एप्रिल १९६१ मधील एका आठवड्याच्या वाहतूक-पाहणीचा. शाखामार्ग मुख्य मार्गाला प्रवासी पुरवतो. त्याचा तोटा तेवढा वेगळा मांडला, की तो बंद करणे शहाणपणाचे भासू लागते. रस्त्यांवर पडणारा भार आणि वाहन नसलेल्या माणसाची कोंडी या जमाखर्चात कोठेच येत नाही.

१९६४ च्या निवडणुकीत मोठ्या प्रमाणावरील रेल्वेबंदी थांबविण्याचे आश्वासन मजूर पक्षाने दिले होते. तरीही त्याच पक्षाच्या राजवटीत, १९६६ मध्ये, या मार्गावरील प्रवासी गाड्या बंद झाल्या. समाजवाद्यांनी हा दोष झाकण्याचे कारण नाही.

पुढे ‘सायकलबॅग’ या ब्रिस्टलच्या नागरिक संघटनेच्या स्वयंसेवकांनी १९७९ मध्ये बाथ ते बिटन या पहिल्या टप्प्याचे काम हाती घेतले आणि १९८६ पर्यंत संपूर्ण मार्ग सिद्ध झाला. भराव, पूल व बोगदा यांची सलग पट्टी शिल्लक होती, म्हणूनच हे शक्य झाले. जेथे अशा जमिनीचे तुकडे करून त्या विकल्या गेल्या, तेथे ना गाडी सहज परत येऊ शकते, ना पायवाट होऊ शकते. २००८ मध्ये याच मार्गावरून जलद बससेवा नेण्याची योजना पुढे आली, तेव्हा नागरिकांच्या तीव्र विरोधामुळे ती गुंडाळावी लागली.

सायकलचा मार्ग रेल्वेची जागा घेऊ शकत नाही. वृद्धाला आणि आजाऱ्याला गाडीच हवी असते. म्हणून पहिला लढा गाडी टिकविण्याचाच असला पाहिजे. तो हरलाच, तर दुसरा लढा जमीन अखंड आणि सार्वजनिक ठेवण्याचा. विकलेली जमीन पुढच्या पिढीचा निर्णयाचा हक्कही घेऊन जाते.