राजीनामा देण्याआधी आरोग्य विमा, नंतर नाही



नोकरी सोडून धंद्यात उतरायचं ठरवलेल्या लोकांच्या वह्या मी दर बॅचला बघतो. भांडवलाचं पान अगदी व्यवस्थित असतं. दुकानाचं डिपॉझिट, मशीन, कच्चा माल, फर्निचर, बोर्ड, लायसन्स, सहा महिन्यांचं भाडं. काही जण तर उद्घाटनाच्या पेढ्यांचा खर्चही लिहून आणतात. एक ओळ मात्र जवळपास कोणाच्याच वहीत नसते. मालकाचा आणि त्याच्या घरच्यांचा आरोग्य विमा.

विचारलं की उत्तर ठरलेलं. "सर, तो पर्सनल खर्च झाला. धंदा सेट झाला की बघू."

माझं मत आज स्पष्ट सांगतो. तो पर्सनल खर्च नाही. भाड्यासारखाच तो धंद्याचा फिक्स्ड खर्च आहे. आणि त्याची तयारी दुकान उघडल्यावर नाही, तर नोकरीचा शेवटचा दिवस येण्याआधी व्हायला हवी.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझा जवळचा मित्र २०२४ च्या फेब्रुवारीत गेला. वय ३६. त्याच्या बायकोला विचारून, नाव न घेता, तो हिशोब इथे मांडतोय. वहिनी म्हणाल्या, "लिहा. निदान दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल."

नेमकं काय घडलं

मित्र नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी विभागात होता. सात वर्षं. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम होती, तीन लाखांची, बायको आणि मुलीसकट. तिसाव्या वर्षी त्याला शुगर निघाली. पण त्यांच्या ग्रुप पॉलिसीत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होते, त्यामुळे विम्याचा वेगळा विचार करायची त्याला कधी गरजच पडली नाही.

२०२१ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि सिडकोत लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान टाकलं. थोडी बचत, साडेचार लाखांचं मुद्रा कर्ज. बँकेने घाणा आणि माल दोन्हीचा विमा काढायला लावला. बरोबरच आहे, कर्ज त्यावर दिलेलं. पण घाणा चालवणाऱ्या माणसाचा विमा आहे का, हे कोणीच विचारलं नाही.

कंपनीनेही विचारलं नाही. राजीनाम्याच्या वेळी क्लिअरन्स फॉर्म असतो ना, त्यात आयकार्ड, लॉकरची चावी, लॅपटॉप, कँटीनची बाकी, सगळ्याला सही लागते. विम्याची ओळ त्यात नव्हती. शेवटच्या दिवशी ग्रुप कव्हर संपलं.

चौदा महिन्यांनी धंदा जरा हलायला लागला तेव्हा त्याने स्वतःची तीन लाखांची फॅमिली फ्लोटर घेतली. एजंट म्हणाला, शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल. त्याने लिहिली. आधीच्या आजारांसाठी पॉलिसीत ४८ महिन्यांचा वेटिंग पिरियड होता. तेव्हाच्या नियमात तेवढा चालायचा.

२०२४ च्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या सीझनला, तेलाचा पंधरा किलोचा डबा त्याच्या पायावर निसटला. अंगठ्याला जखम झाली. जुनी शुगर असेल तर पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे दुखलं कमी. हळद लावून तो दुकानात उभा राहिला. पाय सुजला, ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी ॲडमिट व्हायला सांगितलं. त्याने आधी एजंटला फोन केला. एजंट म्हणाला, शुगरमुळे झालेलं असेल तर क्लेम बसणार नाही.

मग त्याने गोळ्यांवर नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी थेट आयसीयू. इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. पाय कापावा लागला, किडनी बंद पडली, आणि तिसऱ्या आठवड्यात तो गेला.

क्लेम नाकारला गेला. बिल ६ लाख ४० हजार. वहिनींचे दागिने गहाण पडले, आम्ही मित्रांनी काही जमवले, बाकी सासऱ्यांनी दिले. बँकेचं कर्ज मिटवायला घाणा विकला. अडीच वर्षं वापरलेला घाणा निम्म्या किमतीलाही गेला नाही.

पैसे असते तर तो वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणत नाहीत. पण ते नऊ दिवस औषधोपचारात जायला हवे होते, ते हिशोबात गेले. एवढं मात्र खरं.

चूक कोणाची?

विमा कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे. पण पॉलिसीत जे लिहिलं होतं त्याप्रमाणेच तिने केलं. मित्राने काही लपवलंही नव्हतं. मग घोटाळा कुठे झाला?

घोटाळा झाला तो नोकरी आणि धंदा यांच्या मधल्या फटीत. सात वर्षं तो विम्याखाली होता. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. याला मायग्रेशन म्हणतात. कंपनी तुमची तब्येत बघून निर्णय घेते, त्यामुळे हमी नसते. पण अर्ज मंजूर झाला तर आधीची सलग वर्षं वेटिंग पिरियडमध्ये धरली जातात. मित्राची सात वर्षं धरली गेली असती, तर ४८ महिन्यांचा प्रश्नच उरला नसता. चौदा महिन्यांचा खंड पडला आणि सातही वर्षं वाया गेली. नवी पॉलिसी, नवा वेटिंग पिरियड, शून्यापासून.

सरकारी योजनेचंही तेच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना तेव्हा पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना मिळायची. त्याचं कार्ड पांढरं. पांढऱ्या कार्डवाल्यांसकट सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कव्हर जुलै २०२४ पासून सुरू झालं. तो फेब्रुवारीत गेला होता.

लक्षात घ्या, नवउद्योजक नेमका या सगळ्यांच्या मध्ये उभा असतो. कंपनीचं कव्हर सुटलेलं. इएसआय कामगारासाठी असतं, तेही महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या. म्हणजे उद्या तुमचा धंदा वाढला तर तुमच्या पोरांना इएसआय लागू होईल, पण प्रोप्रायटर म्हणून तुम्हाला नाही. आणि प्रोप्रायटरशिपमध्ये मालक आणि धंदा कायद्याने एकच. मालकाच्या हॉस्पिटलचं बिल हे धंद्याचंच बिल असतं. ते गल्ल्यातून जातं, मालाच्या पैशातून जातं, शेवटी मशीन विकून जातं.

आता तुम्ही म्हणाल...

"सर, सुरुवातीला प्रीमियम परवडत नाही."

चला, हिशोब करू. समजा तुम्हाला वर्षाला २४,००० चं कोटेशन आलं. महिन्याला २,०००. महिन्याला ८०० लिटर तेल विकत असाल तर लिटरमागे अडीच रुपये. हे अडीच रुपये तुमच्या कॉस्टिंगमध्ये बसत नसतील, तर प्रश्न प्रीमियमचा नाही, भाव चुकीचा लावलाय. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. जुन्या करप्रणालीत प्रीमियमवर सूटही मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही.

"सर, आता सरकारी योजना आहे ना?"

आहे, आणि तिचा उपयोग जरूर करा. पण ती योजनेच्या यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या हॉस्पिटलांतच चालते. रात्री दोन वाजता तुम्ही ज्या दारात पोचाल ते हॉस्पिटल यादीत असेलच असं नाही. म्हणून आजच तुमच्या भागातली दोन-तीन नावं शोधून ठेवा. धर्मादाय हॉस्पिटलांची नावंही काढा. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाची अट असते, म्हणून दाखला हाताशी ठेवा.

"सर, क्लेम देतच नाहीत."

काही वेळा चुकीचं नाकारतात, हे खरं. पण पुष्कळ क्लेम अडकतात ते न वाचलेल्या अटींवर. उदाहरणार्थ रूम रेंट. तीन लाखांची पॉलिसी, रूमला १ टक्का म्हणजे दिवसाला ३,००० ची मर्यादा, आणि तुम्ही घेतली ६,००० ची रूम. तर फक्त रूमचे वरचे पैसे कापले जात नाहीत, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा चार्जही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा कापला जाऊ शकतो. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही. ही अट पॉलिसीत लिहिलेली असते. भाडेकरार वाचता तशी पॉलिसी वाचा.

वहीत काय लिहायचं

पहिलं. राजीनामा टाकण्याच्या दोन महिने आधी एचआरला लेखी विचारा, मेलवर. ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची प्रोसेस काय आणि मुदत किती? तोंडी उत्तर धरू नका.

दुसरं. ते जमत नसेल तर नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी सुरू करा. अपघात सोडला तर नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. ते ३० दिवस ग्रुप कव्हरच्या आतच संपू द्या.

तिसरं. बीपी, शुगर, थायरॉईड, जुनं ऑपरेशन, सगळं खरं लिहा. एजंट काहीही म्हणो. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने केलाय. काही पॉलिसींत जादा प्रीमियम भरून तो कमीही करता येतो. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालली, तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारू शकत नाही. म्हणून सुरुवात लवकर करा आणि खंड पडू देऊ नका.

चौथं. पॉलिसी निवडता येत नसेल तर आरोग्य संजीवनी बघा. या पॉलिसीच्या मूळ अटी सगळ्या कंपन्यांत सारख्याच असतात, त्यामुळे तुलना फक्त प्रीमियम आणि सेवेची राहते. रूमला विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त ५,००० रुपये रोज, आणि प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के तुमच्या खिशातून. फार भारी पॉलिसी नाही, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरी.

पाचवं. वेटिंग पिरियड संपेपर्यंत वेगळं इमर्जन्सी खातं ठेवा. एक-दीड लाख तरी. त्यातून माल भरायचा नाही, उधारी सांभाळायची नाही. शुगरवाल्या मालकासाठी हे खातं घाण्याइतकंच गरजेचं. डॉक्टर ॲडमिट व्हा म्हणाले तर त्याच दिवशी ॲडमिट होता यावं, एवढ्याचसाठी ते पैसे.

सहावं. क्लेम चुकीचा नाकारला वाटला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, पण एका वर्षाच्या आत जायचं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत.

शेवटचं, जरा कडू

आमच्या ट्रेनिंगच्या धंद्यात "नोकरी सोडा, उडी मारा" हे वाक्य फार चालतं. टाळ्या मिळतात. मी उडीच्या विरोधात नाही, माझं स्वतःचं दुकान आहे. पण जो ट्रेनर उडी मारायला सांगतो आणि खाली जाळी आहे का हे विचारत नाही, त्याचं ऐकू नका. मग तो कितीही सबस्क्रायबरवाला असो.

आणि मागणी फक्त उद्योजकाकडेच नको. कंपन्यांच्या क्लिअरन्स फॉर्मवर एक ओळ वाढवायला काय लागतं? "तुमचं ग्रुप कव्हर अमुक तारखेला संपतंय, वैयक्तिक पॉलिसीसाठी इथे अर्ज करा." बँकेने कर्ज देताना मशीनच्या विम्यासोबत मालकाच्या विम्याचं विचारलं तर त्यांचंच कर्ज सुरक्षित राहील. तुमच्यापैकी जे आज एचआरमध्ये किंवा बँकेत आहेत, त्यांना हे उद्यापासून करता येईल. वरून आदेश यायची वाट बघू नका.

आता वही काढा. भांडवलाच्या पानावर डिपॉझिटच्या वर, पहिल्या नंबरला, "आरोग्य विमा" लिहा आणि समोर खरं कोटेशन मागवून आकडा टाका. तो आकडा धरून धंदा बसत नसेल तर दोन महिने थांबा. दुकान दोन महिने उशिरा उघडलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

पुढच्या व्हिडिओत पॉलिसीचा कागद कसा वाचायचा ते ओळीओळीने दाखवणार आहे. तोपर्यंत हा लेख अशा एका माणसाला पाठवा, ज्याने राजीनाम्याचा मेल टाईप करून ड्राफ्टमध्ये ठेवलाय.

भेटू.