कागदावरचे कडे

गंगाखेडहून बालाघाटाच्या अंगाने राणीसावरगावच्या रेणुकेच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूला कोणी सांगितले, की ही वाट अडली तरी चिंता नको, पलीकडून दुसरी आहे, तर तो आधी विचारील, की ती दुसरी वाट यंदा कोणी चालून पाहिली आहे काय. पायी चालणाऱ्यास सहज सुचणारा हा प्रश्न जमिनीखालून काचेच्या तंतूने गावोगाव नेलेल्या वाटांविषयी मात्र पुरेशा आग्रहाने विचारला जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेस केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली आणि २०१५ साली तिला भारतनेट हे नाव मिळाले. आरंभीची रचना झाडासारखी होती : तालुक्याच्या ठिकाणी बुंधा आणि पंचायतीकडे फांद्या, साहजिकच एका जेसीबीच्या दाताने फांदी तुटली, की तिच्यावरची गावे मुकी होत. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा जो सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात या फांद्यांचे कडे करण्याचे ठरले, म्हणजे प्रत्येक पंचायतीस दोन अंगांनी वाट. संकल्प उत्तम आहे. परंतु कडे जोडले म्हणजे ते चालते असे नव्हे.

अशा जाळ्यात निरोपांना वाट दाखविण्याची जी रीत सर्रास वापरली जाते, तिचे नाव ओएसपीएफ. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे आज प्रमाण मानले जाणारे विवरण जॉन मॉय यांनी १९९८ साली लिहिले. तिची कल्पना आपल्या कोतवालास चटकन उमगेल. प्रत्येक राउटर, म्हणजे वाट दाखविणारे यंत्र, केवळ आपल्या शिवेवरून दिसते तेवढेच लिहितो : अमुक शेजारी जिवंत आहे, त्याच्याकडे जाण्याचे मोल इतके. ही चिठ्ठी एक अक्षरही न बदलता साऱ्यांच्या दप्तरी पोचते, सर्वांजवळ मुलखाचा एकच नकाशा तयार होतो, आणि डच गणिती डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने ज्याचा तो आपला जवळचा मार्ग काढतो. सांगोवांगीवर विसंबणे नाही, ही या रीतीची थोरवी.

मर्यादाही तिथेच आहे. नकाशात दोन वाटा दिसतात. पण त्या एकाच चरात, एकाच नळीतून गेल्या आहेत हे राउटरास कसे कळावे? काळ्या मातीत चर खणणे कष्टाचे आणि खर्चाचे, तेव्हा दोन्ही केबली एकाच चरात पुरण्याचा मोह ठेकेदारास होणारच. त्या चरावर खोरे पडले, की कड्याची दोन्ही अंगे एकदम जातात, आणि कागदावर मात्र वर्तुळ अखंड राहते.

मागे एका गावच्या सेवा केंद्रात सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी मी तासभर बसलो होतो. भिंतीवरच्या पेटीचा दिवा हिरवागार, आणि केंद्र चालविणारा मुलगा मोबाइल खिडकीबाहेर धरून रेंज शोधीत उभा. दिव्याचे म्हणणे खोटे नव्हते. तार शाबूत होती, एवढेच तो सांगत होता. राउटरांचेही असेच असते. दोन शेजाऱ्यांनी पाकिटाची कमाल लांबी निरनिराळी धरली असेल, तर आपण जिवंत असल्याचे कळविणारे छोटे ‘हॅलो’ सुखाने पोचतात, पण दप्तराच्या देवघेवीतच गाडी अडते; अभियंता पडद्यावर देवघेव पुरी झाल्याचा ‘फुल’ हा शब्द शोधतो आणि तेथे ती आरंभीच अडल्याचे ‘एक्सस्टार्ट’ दिसत राहते.

मग वाट तुटल्यावर जाळ्याने नव्या वाटेशी जुळवून घेण्याचा प्रश्न. सामान्य शिरस्त्याने दर १० सेकंदांनी हॅलो जातो आणि ४० सेकंद उत्तर न आल्यास शेजारी मृत मानतात. केबल तुटल्यास प्रकाश गेल्याचे तत्काळ कळते हे खरे, पण मधे दुसरे यंत्र असेल, तर प्रकाश तसाच राहतो आणि ती चाळीस सेकंदे मोजावी लागतात. म्हणून अवधी फारच कमी केला, तर सैल जोडाने लुकलुकणाऱ्या एका तारेपायी सगळे राउटर अखंड आकडेमोड करीत बसतात. मोलाचीही गंमत आहे : कित्येक यंत्रांत मुळातला हिशेब १०० मेगाबिटांवर बेतलेला असल्यामुळे, कोणी हात लावला नाही तर, १०० मेगाबिटांची पायवाट आणि १० गिगाबिटांचा राजरस्ता दोहोंचे मोल १ च ठरते.

थोरामोठ्यांचीही यात फजिती झाली आहे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट हे अमेरिकेचे आद्य जाळे कित्येक तास ठप्प झाले. बिघडलेल्या एका यंत्राने क्रमांक विस्कटलेल्या तीन चिठ्ठ्या सोडल्या, आणि प्रत्येक चिठ्ठी दुसरीहून नवी भासत असल्याने त्या फिरतच राहिल्या. पुढे ओएसपीएफमध्ये चिठ्ठीला तासाभराची मुदत बांधली गेली. आमच्या कचेऱ्यांतील काही परिपत्रकांना ती लाभती तर बरे, पण तो विषय निराळा.

माझी मागणी अवाजवी नाही. ठेकेदाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी पंचायतीच्या दारी पंचनामा व्हावा : गावाचा एका अंगाचा फायबर सर्वांदेखत उपसावा, मनगटी घड्याळ हाती धरावे, उताऱ्याचे पान दुसऱ्या अंगाने किती सेकंदांत उघडले ते लिहावे, मग दुसरे अंग उपसावे, आणि सोबत चराचा नकाशा जोडावा, ज्यावर दोन्ही केबली कोठे एकत्र येतात ते तांबड्या शाईने दाखविलेले असेल. सहीला सरपंच पुरेत, साक्षीला तो खिडकीतला मुलगा.